थ्री-नॉट-थ्री : संग्राहकांचे स्वप्न आणि आपला इतिहास

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



बाप्पासमोर बंदुकीवर भाषण म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण ज्या देवाच्या हातात पाश आणि अंकुश आहेत, त्याला शस्त्राचे वावडे असण्याचे कारण नाही. दसऱ्याला आपण घरातल्या विळ्या-कुऱ्हाडीलाही हळदकुंकू वाहतो. पोलीस लाइनीत त्याच दिवशी रायफली ओळीने मांडून त्यांची पूजा होते. तेव्हा आजचा विषय अगदीच परका नाही.

आम्ही फौजेत नव्हतो, शिकारीच्या घराण्यातलेही नाही. पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि राज्य शासनाच्या नोकरीत लागलो. बंदुकीशी आमची ओळख झाली ती तीन ठिकाणी. पहिली, शाळेत एनसीसीच्या परेडमध्ये, ‘बाजू शस्त्र’, ‘सलामी शस्त्र’ करताना. दुसरी, निवडणुकीच्या ड्यूटीवर, मतदान केंद्राच्या दाराशी उभ्या असलेल्या जवानाच्या खांद्यावर. तिसरी, संग्रहालयात काचेच्या पलीकडे. तिन्ही ठिकाणी भेटलेली रायफल एकाच कुळातली. तिला आपण सगळे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतो. कागदावरचे तिचे नाव ली-एनफिल्ड.

आपल्याकडे ती इतकी पाहण्यातली झाली की तिचे कुणाला अप्रूप राहिले नाही. पण इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत जुन्या फौजी रायफली जमवणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. कुणी जुनी नाणी जमवतो, कुणी टपालाची तिकिटे, तशी ही मंडळी रायफली जमवतात. त्यांच्या स्वप्नातल्या यादीत काही नावे हटकून सापडतात. जर्मनीची 1898 ची माउझर, रशियाची 1891 ची मोसिन-नागांत, अमेरिकेची 1936 ची गारंड, ब्रिटिशांची 1871 ची मार्टिनी-हेन्री आणि तिच्या पाठोपाठ आलेली ही ली-एनफिल्ड. ली-एनफिल्डमध्येही हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीने दुर्बीण बसवून दिलेली नेमबाजाची रायफल मिळाली, तर संग्राहकाला आभाळ ठेंगणे होते. विशेष म्हणजे त्यांच्या यादीत एक नाव भारतातले आहे, इशापूर. बंगालमध्ये हुगळीच्या काठी सरकारी रायफल कारखाना आहे, ते हे गाव.

या लोखंडात एवढे काय आहे, हे आधी थोडक्यात सांगतो. डिप्लोमावाल्याला यंत्राबद्दल बोलल्याशिवाय चैन पडत नाही, तेवढी मुभा द्यावी.

रायफल आणि साधी बंदूक यांत फरक नळीच्या आतला. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि भोवरा जसा फिरताना तोल सांभाळतो, तशी सरळ जाते. .303 म्हणजे नळीचे छिद्र एक इंचाच्या एक हजार भागांपैकी 303 भाग, आपल्या मापाने 7.7 मिलिमीटर. रायफलीचे वजन चार किलोच्या आसपास.

ली हे नाव जेम्स पॅरिस ली यांचे. जन्म स्कॉटलंडचा, बालपण कॅनडातले, काम अमेरिकेतले. एनफिल्ड हे लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचे गाव. लींनी बसवलेला बोल्ट दाराच्या कडीसारखा चालतो : उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. माउझरपेक्षा ही कडी कमी फिरवावी लागते आणि मॅगझिनमध्ये पाचऐवजी दहा काडतुसे बसतात. शिकलेला शिपाई मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून सहज मारत असे. 1895 मध्ये ली-एनफिल्ड आली, 1907 मध्ये तिचा प्रसिद्ध ‘मार्क थ्री’ नमुना मंजूर झाला, आणि आपल्या देशात काही पोलीस दलांकडे ती एकविसाव्या शतकातही होती. एवढे आयुष्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येते.

आता संग्राहक काय पाहतो? तो आधी चमक पाहत नाही, नंबर पाहतो. बोल्ट प्रत्येक रायफलीत कारागिराने हाताने जुळवून बसवलेला असतो, म्हणून बोल्टवर आणि मुख्य अंगावर एकच क्रमांक ठोकतात. दोन्ही जुळले तर रायफल जन्मापासून एकत्र राहिली असे समजतात. मग तो दस्त्याजवळच्या धातूच्या कड्यावरचे शिक्के वाचतो : वर राजमुकुट, खाली राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना. इशापूरच्या जुन्या रायफलीवर मुकुट सापडतो आणि स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह. यंत्र तेच, कारखाना तोच, बहुधा कारागीरही तेच, फक्त शिक्का बदलला. एका देशाचे स्वातंत्र्य एवढ्या लहान जागेत ठोकलेले दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

काडतुसाच्या बुडावरही अक्षरे असतात. ‘के. एफ.’ अशी अक्षरे दिसली की समजावे, माल पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला. हा कारखाना 1869 पासूनचा. जगभरच्या संग्राहकांच्या कपाटात आपल्या खडकीची ही दोन अक्षरे आहेत आणि ती कुठली हे त्यांना पाठ आहे.

या धंद्यात नकलाही खूप. वायव्य सरहद्दीवर, खैबर खिंडीच्या परिसरातल्या गावठी कारागिरांनी कानस आणि हातोड्याच्या बळावर हुबेहूब रायफली बनवल्या. त्यांचे हात कसबी, पण इंग्रजी वाचता येत नसे. त्यामुळे काही रायफलींवर व्हिक्टोरिया राणीचा शिक्का आणि खाली राणी वारल्यानंतरचे वर्ष सापडते. राणी गेली 1901 मध्ये. जाणकार तारीख वाचतो, हसतो आणि रायफल परत ठेवतो.

इथपर्यंत झाली हौसेची गोष्ट. पण आम्हाला आज सांगायचे आहे ते पुढे. संग्राहक रायफलीवरचे शिक्के वाचतो. आपण तिच्यावरचे हात वाचले पाहिजेत. ही रायफल कोणाच्या हातात दिली गेली, कोणाच्या हातातून काढून घेतली आणि कोणाला कधी हात लावू दिला नाही, यात आपल्या दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

बंदूक आपल्याला नवी नव्हती. जामगीने पेटवायची तोड्याची बंदूक मराठी फौजेत सर्रास होती. पानिपतावर 1761 मध्ये इब्राहिमखान गारद्याचे पलटण कवायती बंदुका घेऊन लढले. महादजी शिंद्यांनी सेनानी द बॉयन याच्याकडून पलटणी उभ्या करवल्या आणि आग्र्याला तोफा-बंदुकांचे कारखाने चालवले. नागपूरकर भोसल्यांची आणि कंपनीची लढाई सीताबर्डीच्या टेकड्यांवर 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला झाली, ती बंदुकांच्या फैरींचीच. त्यानंतर कैदेतून निसटून अप्पासाहेब भोसले आपल्याच सातपुड्यात, महादेवाच्या डोंगरात गोंड सरदारांच्या आश्रयाला आले होते. म्हणजे हत्यार होते, कारागीर होते, चालवणारे हातही होते.

मग आले 1857. नवी एनफिल्ड रायफल आली होती. तिचे काडतूस कागदाचे, वंगण लावलेले आणि दाताने फोडायचे. त्या वंगणात गाय आणि डुकराची चरबी असल्याची बातमी पसरली आणि बराकपूरला 29 मार्च 1857 रोजी मंगल पांडे उभा राहिला. योगायोग असा की इशापूर हे त्याच बराकपूरच्या शेजारी. ज्या परिसरात एनफिल्डच्या काडतुसावरून ठिणगी पडली, तिथेच पुढे पन्नासेक वर्षांनी एनफिल्ड रायफली बनू लागल्या.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी धडा घेतला. तोफखाना जवळजवळ सगळा हिंदी शिपायांच्या हातून काढला. देशी पलटणींना काही काळ एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली, म्हणजे नेम लांब लागणार नाही. पुढे नियमच झाला : गोऱ्या शिपायाच्या हाती नवी रायफल आली की त्याची जुनी देशी शिपायाला मिळायची. गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा देशी पलटणींकडे स्नायडर होती. गोऱ्यांना मॅगझिनची रायफल मिळाली तेव्हा देशी पलटणींकडे मार्टिनी. लढायला पुढे आपला माणूस, पण हत्यार एक पिढी मागचे. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे ही म्हण आपण सहज वापरतो. इंग्रजांनी ती शब्दशः आणि हिशेबाने वापरली.

पोलिसांच्या बाबतीत तर आणखी पुढची पायरी. ली-एनफिल्डचीच नळी आतून गुळगुळीत करून, मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवून, एका वेळी एकच काडतूस चालेल अशी .410 ची ‘मस्केट’ इशापूरला तयार होत असे. शिपाई फिरलाच, तर त्याच्या हाती एकच बार असावा आणि फौजेचे काडतूस त्यात चालू नये, हा त्यामागचा हिशेब.

सामान्य माणसासाठी 1878 चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचे नाही. मात्र युरोपियनांना त्यातून सूट. काँग्रेसच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव झाले. कायदा माणसाला हत्यारापेक्षाही जास्त काहीतरी नाकारत होता. तुमच्यावर आमचा भरवसा नाही, हे त्यात लिहून दिले होते. आपल्या शेजारच्या नागपुरात 1927 मध्ये मंचरशा आवारी यांनी याच कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. परवाना न घेता उघडपणे तलवारी घेऊन मिरवणुकीने निघायचे आणि अटक करून घ्यायची. आवारींना तुरुंगवास झाला, तिथे त्यांनी दीर्घ उपोषण केले. नागपूर म्हटले की झेंडा सत्याग्रह सगळ्यांना आठवतो. हा शस्त्र सत्याग्रह मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगितला.

भरवसा नाकारण्याची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाच्या अगदी जवळची आहे. महार समाजाचे शिपाई कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, म्हणूनच बाबासाहेबांचा जन्म 1891 मध्ये महूच्या छावणीत झाला. त्याच सुमारास, 1892-93 मध्ये, ‘लढवय्या जाती’ नावाचे खूळ काढून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. बाप सुभेदार आणि मुलाला शिपायाचीही नोकरी नाही, अशी घरे उभी राहिली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये ‘111 वी महार’ पलटण उभी झाली. युद्ध संपले, गरज संपली, 1921 मध्ये पलटण मोडली. शेवटी दुसऱ्या महायुद्धात, 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. आज तिचे केंद्र आपल्याच राज्यात सागरला आहे. चार किलोची रायफल परत खांद्यावर घेण्यासाठी एका समाजाला जवळपास पन्नास वर्षे अर्ज करावे लागले. संग्रहालयातल्या .303 खाली हे लिहिलेले नसते. ते आपण लिहायचे.

आणि ज्यांच्या हाती ती दिली गेली, त्यांनी काय केले? पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुट-अल-अमारा या गावी ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वेढा 147 दिवस चालला. अन्न संपले. 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली आणि कैदेतल्या वाटचालीत असंख्य शिपाई गेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. 10 जुलै 1944 ला घाडग्यांची टॉमीगन रिकामी झाली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी बंदूक उलटी धरून दस्त्याने शत्रूची चौकी मोडली आणि तिथेच त्यांना मरण आले.

याच रायफलीची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत पन्नास शिपायांनी 1650 गोळ्या झाडल्या, त्या .303 च्या. सरकारी आकडा 379 मृतांचा. बागेच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आजही आहेत. आणि झाडणारे हात हिंदी फौजेतल्याच शिपायांचे होते, हुकूम परक्याचा. म्हणून आम्ही म्हणतो, शिक्क्यांपेक्षा हात वाचा.

स्वातंत्र्यानंतरही ही रायफल आपल्याबरोबर राहिली, कधी अभिमानाने, कधी नाइलाजाने. 1962 मध्ये हिमालयात आपले जवान याच बोल्टवाल्या रायफली घेऊन चीनच्या स्वयंचलित हत्यारांसमोर उभे होते. त्यानंतर इशापूरने जुन्याच बांधणीवर, पण जास्त दाब सोसणारे पोलाद वापरून, 7.62 मिलिमीटरची ‘टू-ए’ आणि ‘टू-ए-वन’ रायफल काढली. फौजेसाठी नव्याने बनलेल्या बोल्टच्या रायफलींतली ही जवळजवळ शेवटची, म्हणून परदेशी संग्राहक तिच्या मागे असतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती .303 च होती आणि समोर एके-47. तरीही तिथे पोलीस लढले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर 2020 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात या रायफलीला रीतसर निरोप दिला.

आता आपल्या घराकडे येऊ. रामाकोना, सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा या भागातली आपली जुनी घराणी. 1951 मध्ये मालगुजारी गेली, पण काही वाड्यांत मालगुजारीच्या काळची बंदूक राहिली. कुठे ठासणीची भरमार, कुठे बारा बोअर, कुठे .315. या .315 चीही गंमत आहे. फौजेच्या काडतुसावर चालणारी रायफल रयतेच्या हाती नको, म्हणून .303 सामान्यांना वर्ज्य झाली आणि तिच्याच बांधणीवर वेगळ्या काडतुसाची .315 नागरिकांसाठी निघाली. आजही .303 आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. म्हणजे इशापूरला बनलेली रायफल अमेरिकेतला शेतकरी दुकानातून घेऊन भिंतीवर टांगू शकतो, इशापूरचा कारागीर नाही. कुणाला हे विचित्र वाटेल. आम्हाला स्वतःला ते योग्य वाटते. घराघरांत फौजी रायफल असलेल्या समाजाची किंमत त्या देशांतल्या बातम्यांतून आपण वाचतोच.

पण घरात जुनी बंदूक निघाली तर काय करावे, हे माहीत असणे गरजेचे आहे. सण-समारंभात, वाटणीच्या वेळी, वाडा पाडताना असे प्रसंग येतात.

पहिली गोष्ट, ती चालवून पाहू नये. काळ्या दारूसाठी बनलेल्या नळीत आजचे काडतूस घातले तर नळी फुटते आणि चालवणाऱ्याचा हात, डोळा जातो. भरलेली आहे असे समजूनच तिच्याशी वागावे. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट, लपवू नये. ‘आजोबांची आठवण आहे’ हे कायद्यात उत्तर नाही. परवानाधारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली, तर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. शस्त्र कायदा 1959 चे कलम 21 हेच सांगते. वारसाला आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन हत्यारे राहू शकतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती, आणि वारसाहक्काने आलेल्या हत्यारालाही ती लागू आहे. आपला पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये झाला. त्यामुळे आजोबांच्या परवान्याची नोंद शोधायची तर ती छिंदवाड्याच्या कलेक्टर कचेरीच्या दप्तरात शोधावी लागेल. शोध घेताना हे लक्षात ठेवावे.

पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आजही आहे. संत्र्याच्या बगीच्यात आणि मक्यात रानडुकरे शिरतात तेव्हा तिचा आवाज कामी येतो. मात्र वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून लागू आहे. बार हवेत, जनावरावर नाही.

तिसरी गोष्ट, घासूनपुसून चकाचक करू नये. जुन्या मूर्तीला ऑइल पेंट फासल्यावर तिचे जे होते, तेच पॉलिश पेपर मारलेल्या बंदुकीचे होते. शिक्के झिजतात, लाकडावरचा काळ निघून जातो आणि उरते ते भंगार. शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. कुणी ‘भाऊ, चांगला भाव देतो’ म्हणत आला, तर त्याला चहा पाजावा आणि रस्ता दाखवावा.

काठमांडूचे उदाहरण आठवण्यासारखे आहे. तिथल्या लगन सिलेखाना या जुन्या शस्त्रागारात गेल्या शतकांतल्या बंदुकांचा प्रचंड साठा पडून होता. 2003 च्या सुमारास तो परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि मार्टिनी-हेन्रींसह हजारो बंदुका जहाजाने अमेरिकेत गेल्या. तिथे त्या साफ करून, एकेक करून विकल्या गेल्या. ज्यांनी घेतल्या त्यांना नळीवरचे शिक्के कळतात. त्या कुणी खांद्यावर वाहिल्या, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून ज्यांना ठेवता येत नाही, त्यांनी रीतसर परवानगीने संग्रहालयाला द्यावी. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, 1863 पासून आहे. आपल्या भागातली वस्तू तिथे गेली तर आपली नातवंडे दोन-तीन तासांत जाऊन पाहू शकतात. देताना मात्र एक कागद सोबत द्यावा : ही कोणाची, कोणत्या गावची, कधीची, कोणत्या कामाला वापरली. कागद नसलेली बंदूक मुकी असते.

आणि शेवटी मंडळाला एक विनंती. 1962 मध्ये जो जवान वीस वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या पुढे आहे. आपल्या भागातल्या गावांतून फौजेत, पोलिसांत, होमगार्डमध्ये गेलेली, थ्री-नॉट-थ्री खांद्यावर वाहिलेली शेवटची पिढी आज ओसरीवर, खाटेवर बसलेली आहे. त्यांच्याकडे रायफल नाही, ती सरकारने परत घेतली. पण तिचा क्रमांक बऱ्याच जणांना अजून पाठ असतो. कारण रायफल हरवणे हा फौजेत मोठा गुन्हा, म्हणून क्रमांक पहिल्या दिवशीच घोकून घेत. तरुणांनी पुढच्या गणपतीपर्यंत एक वही करावी. त्यांच्याकडे जावे, पाया पडावे आणि चार प्रश्न विचारावेत : काका, नाव काय, पलटण कोणती, कुठे होतात, रायफलीचा नंबर काय? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत. वहीला दोन-तीनशे रुपयांपेक्षा जास्त खर्च नाही. परदेशातल्या कोणत्याही संग्राहकाकडे जे नाही, ते त्या वहीत असेल.

लोकमान्यांनी 1893 मध्ये या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्याच्या पंधरा वर्षे आधी आपल्या हातातले हत्यार कायद्याने गेले होते. हत्यार गेले तरी एकत्र येणे, बोलणे, लक्षात ठेवणे कोणी काढून घेऊ शकले नाही. तेवढे आपण चालू ठेवू. बाकी हत्यारावर अंकुश ठेवायला बाप्पा समर्थ आहे, आणि त्याने तो अंकुश आपल्याही हाती द्यावा, एवढीच प्रार्थना.



गणपती बाप्पा मोरया!